जिना पळतो तिथे

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार शेवटी. राग उरला नाही तर.

तुझं पाकीट मिळालं. तुझं म्हणजे तुझ्या मॅनेजरबाईंचं. 'आदरणीय महोदया' अशी सुरुवात आहे. इतक्या वर्षांनी भावाकडून पाकीट येतं आणि आत मी महोदया! आईला वाचून दाखवायला घेतलं तर पहिल्याच ओळीला ती म्हणाली, "कोण वारलं?"

बाईंचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या 'उणे चार'ला यंदा पंचवीस वर्षं होतायत, म्हणून तो अल्बम नव्याने काढायचा आहे, 'तांत्रिक दोष दूर करून'. दोष म्हणजे मी. आठही गाण्यांतले माझे ड्रम पुसायचे आणि तिथे कोणा नावाजलेल्या माणसाचे बसवायचे. तुझा आवाज, तुझी गिटार आणि लांब्याचा बेस मात्र जुनाच ठेवायचा. त्यासाठी आपल्या तिघांच्या सह्या हव्यात, ३१ मार्चच्या आत. लांब्याने केली म्हणे. त्याचं काय घेऊन बसलास? बँडमध्ये होता तेव्हाही तो समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायचा. आता मालट्रक चालवतो, दिवसाला वीस कागदांवर सह्या ठोकतो. फोन केला तर म्हणतो, "अगं, मला वाटलं माल पोचल्याची पावती आहे."

माझी सही मिळणार नाही. हे बाईंना जसंच्या तसं सांग, आणि महोदयांनी सांगितलंय असं सांग.

नमुना म्हणून 'जिना' पाठवलंयत, जुनी टेप अजून उघडलेली नाही म्हणून तुझ्या आजच्या आवाजात आणि त्या माणसाच्या ड्रमवर. ऐकलं. एकदा नाही, तीनदा ऐकलं, उगाच म्हणशील की न ऐकताच आकांडतांडव करते. तो माणूस घड्याळ गिळून बसलाय रे. पहिल्या ठोक्याला जी चाल, तीच शेवटच्या ठोक्याला. आपलं गाणं चार मिनिटं आठ सेकंदांत संपायचं, हे संपता संपत नाही. मध्यावर ते पळायला लागतं, ते पळणंच काढून टाकलंत. मग उरलं काय? माणूस शिस्तीत जिना उतरतोय, कठड्याला धरून, गुडघे सांभाळत.

मी हल्ली काय करते तुला माहीत नसेल, तू विचारलं नाहीस. कान तपासणी केंद्रात आहे, सतरा वर्षं झाली. कानाचे साचे घेते. ज्यांना कानात मशीन लावायचं असतं त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरायचा, तो चार मिनिटं घट्ट होऊ द्यायचा, मग अलगद फिरवून काढायचा. आधी काढला तर साचा वाकडा येतो. भिंतीवर घड्याळ आहे, पण मी त्याकडे बघत नाही. मनात 'जिना' लावते. गाणं संपलं की साचा तयार. सतरा वर्षांत एकही वाकडा आलेला नाही. तुमच्या दुरुस्त गाण्यावर मी काम करायला गेले तर खुर्चीतला माणूस घाबरून विचारेल, "अडकला का हो?"

तेव्हा दोष कुठला आणि कोणाचा, ते जरा तपासून घ्या.

धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

या वेळी अक्षर तुझं होतं. चारच ओळी, पण तुझ्या. 'ळ' अजून तसाच, पोट सुटल्यासारखा.

तू लिहितोस, 'तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. कोणी तुला दोष देत नाही. पण चूक ती चूक, आणि ती सुधारायची संधी मिळतेय तर आडमुठेपणा का?'

वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. दोष देत नाही म्हणे! पंचवीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत तू तोच किस्सा सांगतोस. बर्फाच्या कारखान्यातली बंद पडलेली थंड खोली, भिंतींना बुचाचे जाड थर, दारावर उणे चारला अडकून पडलेला तापमापकाचा काटा. आतल्या खोलीत धाकटी बहीण ड्रमवर, बाहेरच्या खोलीत तू आणि लांब्या, मधे जाड काचेचं दार. "आणि मग 'जिना' वाजवताना आमची पोर बावचळली, पळत सुटली, टेप संपली होती म्हणून तसंच ठेवावं लागलं." मग मुलाखत घेणारा हसतो. तूही हसतोस. मी इथे बटाटे सोलत असते आणि रेडिओवर माझ्या बावचळण्याची गंमत ऐकत असते.

टेप संपली नव्हती दादा. हे तुलाही माहीत आहे. पण त्यावर नंतर.

आज तुला एका बाईंबद्दल सांगायचंय. गेल्या मंगळवारी आल्या. बांधकामावर उंच क्रेन चालवतात. इंजिनाच्या आवाजाने कान गेलेत. टोपी काढली तर कपाळावर पट्ट्याचा वळ. मी दोन्ही कानांत लगदा भरला आणि खूण केली, चार मिनिटं. अशा वेळी माणसाला बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बरेच लोक डोळे मिटतात. काही जण उगाच माझ्याकडे बघून हसत राहतात. या बाई गुडघ्यावर बोटं वाजवायला लागल्या. मी माझ्या मनात गाणं सुरू केलेलंच होतं. आणि बघते तर बोटं माझ्याबरोबर! पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि 'इथेच आहे मी' आलं तशी बोटं पळायला लागली. बरोबर तिथेच. दोन मिनिटं दहाला. जेवढी मी पळाले तेवढीच ती बोटं पळाली, आणि मी थांबले तिथे थांबली.

साचा काढला तरी माझं लक्ष त्यांच्या बोटांकडेच.

विचारलं, "काय वाजवत होतात?"

त्या लाजल्या. "जुनं आहे हो. 'गळकी टाकी' म्हणून बँड होता. तुम्हाला नाही माहीत असणार."

मी म्हटलं, नाही, मला कुठलं माहीत.

"वर केबिनमध्ये एकटी असते ना मी. सोळा वर्षं तेच लावते. ते पळतं बघा मध्येच, तिथे मला दर वेळी वाटतं, चला, कोणीतरी एकदाचं खरं बोललं." मग जरा घाबरून विचारलं, "मशीन लावल्यावर ते तसंच ऐकू येईल ना?"

मी म्हटलं, "तसंच येईल. माझा शब्द."

आता सांग, तुझ्या कागदावर सही करून मी त्या बाईंना कुठलं तोंड दाखवू? पुढच्या महिन्यात त्या मशीन बसवून घ्यायला येणार आहेत. पहिलं काय ऐकतील?

तुझे नंतरचे अल्बम मी ऐकलेत. सगळे. छान आहेत, गुळगुळीत आहेत. भर रस्त्यात बोटांवर वाजवताना मात्र कोणी दिसलं नाही. कारखान्याच्या जागी आता फर्निचरचं गोदाम आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर अजून कोणी ना कोणी खडूने उणे चार लिहून जातं. मालक दर वर्षी रंग देतो, ते पुन्हा लिहितात. हे तुझ्यामुळे, माझ्यामुळे की लांब्याच्या त्या एकाच सुरातल्या बेसमुळे, मला ठाऊक नाही. पण जे आहे ते तिथे आहे, आणि ते पुसायचा हक्क तुला एकट्याला नाही.

आईलाही गेल्या वर्षी मीच मशीन बसवलं. मागच्या रविवारी तिला 'उणे चार' लावून दिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हात मांडीवर ठेवून अख्खं ऐकलं. मग म्हणाली, "हे असं होतं होय! मला तेव्हा नुसतं भांडी पडल्यासारखं वाटायचं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात, त्या जिन्याच्या, तुम्ही दोघं भांडताय."

बघ. गुडघे गेले, दात गेले, पण आईला कळलं.

धाकटी


१० मार्च

दादा,

पत्र मिळालं. लांबलचक आहे, त्याबद्दल आभार. महोदया ते मूर्ख बाई, एवढी मजल एका महिन्यात मारली आपण.

सही दिली नाहीस तर सगळाच अल्बम पहिल्यापासून नव्याने वाजवीन आणि माझ्या एकट्याच्या नावाने काढीन, असं लिहिलंयस. वाजव. तुला कोणी अडवलंय? नवं कर, हजार कर. जुनं मात्र जुनं राहील.

पण शेवटची ओळ लागली. 'मी निघालो त्या दिवशी तू स्टेशनवर आली नाहीस. का जातोय हे एकदाही विचारलं नाहीस. नंतर पाठवलेलं पत्र न उघडता परत केलंस. आणि आता मला खऱ्याखोट्याचे धडे देतेस?'

बरोबर आहे. विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. तू सांगायच्या आधी. सोळा दिवस आधी.

पंचवीस वर्षं हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

थंड खोलीत आपले चार दिवस होते ना, त्यातला तिसरा दिवस. दुपारी तू आणि लांब्या बाहेर उन्हात हात शेकायला गेला होतात. माझा मोठा ड्रम घुमत होता, त्यावर लावायला चिकटपट्टी हवी होती. तू ती गिटारच्या पेटीच्या खिशात ठेवायचास. खिशात चिकटपट्टी होती आणि खाली घडी घातलेलं पत्र होतं. कंपनीचं पत्र. तुमचा आवाज आवडला, आपण एकट्याने यावे, साथीला आमचे वादक आहेत. आणि खाली तुझ्याच पेनाने तुझ्या उत्तराचा कच्चा मसुदा. 'मी एकटाच येईन. बाकी दोघांना मी समजावतो.'

बाकी दोघं. नाव नाही, बहीण नाही. बाकी दोघं!

मी घडी होती तशी घातली, पत्र जागेवर ठेवलं आणि पट्टी घेऊन आत जाऊन बसले. मला वाटलं, तू आत येशील आणि सांगशील. तू आलास, काचेपलीकडून अंगठा दाखवलास आणि माझ्या हेडफोनमध्ये म्हणालास, "चला, 'जिना' घेऊ." मी मोजलं, एक दोन तीन चार. नीट सुरू केलं. दोन कडवी मी अगदी सरळ वाजवली, तपासून बघ. मग तू गायला लागलास,

खाली दार, वरती दार,
मधल्या पायरीवर दिवा,
कोणी येवो, कोणी जावो,
इथेच आहे मी.

इथेच आहे मी! खिशात ते पत्र आणि तोंडाने हे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, जायचंय ना तुला? मग बघू कोण आधी जातं. आणि मी पळाले. बावचळून नाही. शुद्धीत, दात खाऊन पळाले. मला तुला मागे टाकायचं होतं. या घरातून तुझ्याआधी बाहेर पडायचं होतं, निदान त्या गाण्यात तरी. काचेतून तू माझ्याकडे बघितलंस, तोंड पांढरं पडलं होतं तुझं. थांबवलं नाहीस मात्र. संपल्यावर म्हणालास, "पुन्हा घेऊ." मी काड्या खाली ठेवल्या आणि म्हटलं, "नाही." टेप चिक्कार शिल्लक होती. तुला आणि मला दोघांनाही ते माहीत आहे.

तर ती चूक नाही. माझ्या आयुष्यात मी ठरवून केलेली ती एकच गोष्ट असेल. तिच्यावर मी कोणाला पांढरा रंग मारू देणार नाही.

स्टेशनवर न येणं ही मात्र चूक होती. तुझं पत्र परत केलं तीही. त्या आहेत माझ्या, दोन्ही मान्य. त्या काही सुधारायला येत नाहीत, नाहीतर सही करून टाकली असती.

धाकटी

ता. क. क्रेनवाल्या बाईंची तारीख २० मार्च आहे. वेळ दुपारी अडीच. तुला सांगून ठेवते, एवढंच.


२१ मार्च

दादा,

काल बाई आल्या. मशीन बसवलं, आवाज जुळवला. पहिल्यांदा काय ऐकाल, विचारलं तर त्यांनी खिशातून फोन काढला आणि 'जिना' लावलं. माझ्यासमोर. मी खिडकीचे पडदे नीट करत उभी राहिले. त्या ओळीवर त्यांची बोटं हलली नाहीत. त्या नुसत्या ऐकत होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "मागे गिटार एवढी घाईत आहे, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं."

मी म्हटलं, गिटार नाही, ड्रम घाईत आहे.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "गिटार."

मला राग आला. सतरा वर्षं कानांत बसलेय मी, मला शिकवतायत! पण हसून निरोप दिला.

आणि आज तुझं पाकीट. पत्र नाही, कागद नाही, एकच चकती. बरोबर तुझ्या त्या आवाज जुळवणाऱ्या माणसाची चिठ्ठी, तीही तुझ्यासाठी लिहिलेली: 'साहेब, मूळ टेपवरचे ड्रम काढले तरी बाकीचं घड्याळात बसत नाही. तुमची गिटारच पळतेय. तुम्ही स्वतः ऐकून घ्या.' चकतीवर तुझ्या अक्षरात एवढंच, '२:१०'.

केंद्रातल्या तपासणीच्या खोलीत गेले. तिथे बाहेरचा आवाज येत नाही. दार लावलं, कानांवर चांगले हेडफोन चढवले आणि ऐकलं. तुझी एकट्याची गिटार आणि तुझा तेव्हाचा आवाज. चोवीस वर्षांचा होतास रे. आणि त्याच्या मागे, त्या जाड दारातून गळून आलेली मी, अगदी पुसट. कानाला सवय नसेल त्याला कळणार नाही. मला कळतं, माझं पोटच त्यावर आहे.

दोन मिनिटं दहा. 'इथेच आहे मी' यातला 'मी' तू अर्धवट सोडलास आणि गिटार सुटली. आधी गिटार. मी अजून माझ्या जुन्याच चालीत होते. एक ठोका, दुसरा ठोका, तिसऱ्याला मी तुला गाठलं.

बारा वेळा ऐकलं. मागे नेऊन, हळू करून. बाहेर डॉक्टरीणबाई दार ठोठावून विचारत होत्या, कोण पेशंट आहे आत एवढा वेळ? म्हटलं, मीच.

म्हणजे पळालास तू. गाता गाता तुलाच ते खोटं पेललं नाही आणि तू पळालास. आणि मी इतकी वर्षं छाती पुढे काढून फिरतेय, की मी पळाले, मी तुला मागे टाकलं! काचेतून बघितलंस तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं तुझं. मला वाटलं, माझ्यामुळे. तू तर स्वतःलाच घाबरला होतास. मग बाहेर जाऊन सगळ्या जगाला सांगत सुटलास की पोर बावचळली. लबाड कुठला.

रडले, सांगून टाकते. हेडफोन ओले झाले, पुसून ठेवले.

पण मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच हसायला लागले. मी तुला हरवायला पळाले असं मला वाटत होतं ना? ऐकलं तर तसं नाहीच. तुला गाठल्यावर मी पुढे गेलेच नाही. शेवटपर्यंत तुझ्या बरोबरीने आहे. एक ठोका इकडे नाही, तिकडे नाही. तू सुटलास आणि मी तुला एकट्याला जाऊ दिलं नाही, एवढंच आहे त्या गाण्यात. क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्या बाई सोळा वर्षं हेच ऐकत होत्या, आणि भिंतीवर खडूने लिहिणारेही बहुतेक हेच.

तू ती चकती फेकून देऊ शकला असतास. त्या माणसाला गप्प बसवू शकला असतास. पाठवलीस.

तुमचा कागद सोबत परत करते. सही केली आहे. पण आधी वाच. 'तांत्रिक दोष दूर करून' हे शब्द मी खोडलेत आणि वर लिहिलंय, 'होतं तसं'. दुसऱ्या पानावरचं त्या नावाजलेल्या माणसाचं नावही खोडलंय, त्याचा माझ्यावर राग नसावा. लांब्या आज संध्याकाळी माल उतरवायला इकडे आला होता, त्यानेही खोडलेल्या जागी सही केली. या वेळी वाचून केली, मी समोर उभी होते. तिसरी जागा रिकामी आहे. ती तुझी.

आणि मुलाखती घेणारे येतील तेव्हा टेप संपल्याचा किस्सा बंद. खरं काय ते सांग, नाहीतर मी सांगीन, आणि मला किस्से तुझ्यापेक्षा चांगले सांगता येतात.

नमस्कार करते. शेवटी म्हटलं होतं, जमला. आईचा आशीर्वाद. ती विचारते, तुझे कान कसे आहेत. एवढी वर्षं स्टेजवर काढलीस तर बरे नसणार. ये, तपासून देते. चार मिनिटं लगदा भरून बसवीन, तुला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही, आणि गुडघ्यावर तुझी बोटं कुठे पळतात ते मी बघेन.

इथेच आहे मी.

तुझी धाकटी